पाच नेत्या आणि एक पोडियम

जगातल्या प्रभावशाली महिला नेत्यांच्या परिषदेची तयारी करायला जी समिती नेमली होती, तिच्यात नऊ पुरुष होते. दहावी खुर्ची मापबाईची. ती समितीची सदस्य नव्हती. सभागृहाची कनिष्ठ अभियंता म्हणून तिला ‘आवश्यकता भासल्यास’ बोलवावे, असे परिपत्रकात लिहिले होते, आणि आवश्यकता बहुतेक वेळा खिडकी उघडण्यापुरतीच भासायची.

मापबाई हे नाव तिला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात चिकटले. सभागृहाच्या जिन्यावर रोज कोणी ना कोणी अडखळायचे आणि स्वतःच्या चपलेकडे रागाने बघत पुढे जायचे. भौतिकशास्त्राची पदवी घेऊन नुकत्याच आलेल्या या मुलीने टेप काढली, सतराच्या सतरा पायऱ्या मोजल्या आणि नववी पायरी बाकीच्यांपेक्षा अकरा मिलिमीटर उंच आहे, असे कागदावर लिहून दिले. पायरी तशीच राहिली. नाव मात्र मिळाले.

तिच्या प्रोबेशनचे वर्ष नेमके परिषदेच्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता संपत होते. नियम सोपा होता. तोवर फाइलमध्ये एकही लेखी तक्रार आली नाही, तर माणूस आपोआप कायम. तिच्याआधीच्या दोघांच्या फायली अकरा महिने एकोणतीस दिवस कोऱ्या होत्या आणि शेवटच्या दिवशी भरल्या होत्या. म्हणून आई रोज डबा हातात देताना तेच ते सांगायची.

“शहाणपणा कायम झाल्यावर कर. तोवर नुसती मान हलव.”

“आई, मान दुखते.”

“दुखू दे. रिटायर झालीस की बरी होते.”

अडचण निघाली ती पोडियमची. नऊ वर्षांपूर्वी तेव्हाच्या अध्यक्षांच्या मापाने ते बनवून घेतले होते. अध्यक्ष होते एकशे त्र्याऐंशी सेंटिमीटर. आताचे सचिवही, योगायोगाने, तेवढेच. त्यामुळे पोडियममध्ये काही खोट आहे, असे आजवर कोणत्याच अधिकाऱ्याच्या लक्षात आले नव्हते. गेल्या साली एक नामांकित शल्यविशारद बाई त्याच्यामागून चाळीस मिनिटे बोलल्या. अहवालात त्यांच्या आवाजाची तोंडभरून स्तुती होती, कारण दुसरे काही कोणाला दिसलेच नव्हते.

समितीने सभागृहाच्या सुतारकाकांना बोलावून घेतले. काकांनी पोडियमवर टिचकी मारली, खाली वाकून बघितले आणि कानामागची पेन्सिल काढली.

“वीस सेंटिमीटर कापतो. अर्ध्या दिवसाचं काम.”

नऊ चेहऱ्यांवर एकाच वेळी सुतक उतरले.

“काका,” सचिव समजुतीच्या सुरात म्हणाले, “हे पोडियम म्हणजे या सभागृहाची प्रतिष्ठा. तिला तुम्ही करवत लावणार?”

“मग पाहुण्या दिसणार कशा साहेब?”

“त्यांना वर घ्या.”

समितीने माना डोलावल्या. आपापले देश आणि संस्था वर काढणाऱ्या पाच बायकांना वर काढण्याचे काम एकमताने मापबाईकडे आले. प्रत्येकीसाठी तिच्या तिच्या उंचीप्रमाणे पायाखाली ठेवायला एक लाकडी खोके करायचे, भाषणांच्या मध्ये वीस सेकंद दिवे मंद करून खोके बदलायचे, असे ठरले. शिष्टाचार अधिकारी शब्दांचे शौकीन होते. त्यांनी खोक्याचे ‘उन्नयन-मंचिका’ असे बारसे करून टाकले. सुतारकाका शेवटपर्यंत खोकेच म्हणत राहिले.

“सर, मला पाचही जणींची उंची लागेल,” मापबाई शिष्टाचार अधिकाऱ्यांना म्हणाली.

“बाईमाणसाला उंची विचारायची? त्यातून एक पंतप्रधान, एक राष्ट्राध्यक्ष, एक सरन्यायाधीश.”

“वय नाही विचारत सर. उंचीच विचारतेय.”

“ते तुमच्या शास्त्रात वेगळं असेल. शिष्टाचारात एकच.”

तरी त्यांनी पाच पत्रे धाडली. एका कचेरीकडून उत्तर आले, ‘माननीयांची उंची पुरेशी आहे.’ दुसरीने आधी इतर चौघींची उंची कळवा म्हटले. तिसरीने विषय विचाराधीन असल्याचे कळवले. उरलेल्या दोघींनी पत्र मिळाल्याचे तरी मान्य केले, ही मेहरबानी.

पण मापबाईच्या डोक्यात एव्हाना प्रयोग शिजू लागला होता. महिला नेत्यांच्या परिषदेला समितीने प्रमुख पाहुणा म्हणून एकमताने एक पुरुष निवडला होता. ते एका मोठ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचे महासंचालक. या पाचही जणींशी त्यांनी कधी ना कधी हस्तांदोलन केले होते आणि त्याचे फोटो त्यांच्या संस्थेच्या पुस्तिकेत ओळीने छापले होते. शिवाय पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर महासंचालकांची माहिती होती. शिक्षण, पुरस्कार, छंद आणि उंची. एकशे अठ्ठ्याहत्तर सेंटिमीटर.

“म्हणजे मोजपट्टीच मिळाली की,” मापबाई काकांना म्हणाली. “फोटोत बाई यांच्यापेक्षा किती खाली आहे ते मोजायचं आणि एकशे अठ्ठ्याहत्तरमधून वजा करायचं.”

“फोटो कमरेपर्यंतच आहेत,” काका म्हणाले.

“मोठ्या माणसांचे पाय कोण छापतं काका? डोकी आहेत ना, बास.”

तिने तीन दिवस खपून मोजणी केली. प्रत्येकीचे चार-चार फोटो, प्रत्येक फोटोची तीन-तीन मापे. आकडे आले एकशे पन्नास, बावन्न, छप्पन्न, सत्तेचाळीस आणि साठ. पाचही जणी ठेंगण्या निघाल्या. मापबाईला हे खटकले. पाच वेगवेगळ्या मुलखांतल्या पाच बायका अशा एकसारख्या बुटक्या कशा? तिने अहवालाच्या तळाशी बारीक अक्षरात टीप लिहिली, ‘पाचही आकडे अपेक्षेपेक्षा कमी आहेत. पडताळणी व्हावी.’ सचिव कोणताही अहवाल तळापर्यंत वाचत नसत. तळाशी पोचणे त्यांना खालच्या दर्जाचे वाटायचे.

“बघा,” ते आनंदून म्हणाले. “मी म्हणतच होतो.”

“काय साहेब?”

“हेच, असंच काहीतरी.”

दुसऱ्या दिवशी त्यांचे स्वागताचे भाषण नव्याने लिहिले गेले. त्याचा गाभाच असा, की निसर्गाने या भगिनींना लहान चण दिली, पण त्यांनी खचून न जाता झेप घेतली. शिष्टाचार अधिकाऱ्यांनी त्यातून घोषवाक्य काढले आणि ते आठ मीटर लांबीच्या फलकावर छापून व्यासपीठाच्या मागे लागले, ‘लहान चण, मोठी झेप’. निमंत्रणपत्रिकेवर लागले. पाण्याच्या बाटल्यांवरही लागले.

“सर, टीप वाचलीत का खालची?” मापबाईने विचारले.

“बाटल्या छापून झाल्यात,” शिष्टाचार अधिकारी म्हणाले. विषय संपला.

काकांनी पाच खोकी केली, काळ्या कापडाने मढवली, प्रत्येकाला मागे एक छोटी पायरी जोडली. तेहेतीस, एकतीस, सत्तावीस, छत्तीस आणि तेवीस सेंटिमीटर. मापबाईने कार्यालयातून त्या त्या उंचीच्या पाच बायका शोधून आणल्या, एकेकीला खोक्यावर चढवले आणि माइकसमोर उभे केले. सगळ्यांची तोंडे माइकसमोर एका रेषेत आली. फरक दोन मिलिमीटर. अचूक असणे आणि बरोबर असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे तिला कॉलेजात शिकवले होते. परीक्षेत त्या प्रश्नाला पाचपैकी पाच गुणही मिळाले होते.

परिषद तीन वाजता सुरू होणार होती. सव्वादोनला मापबाई व्यासपीठाच्या बाजूला खोकी ओळीने लावत होती, तेव्हा महासंचालकांचे स्वीय सहायक एक जड काळी पिशवी घेऊन आले. आत मखमलीने मढवलेला एक रुंद पाट होता.

“हा साहेबांचा,” ते हळू आवाजात म्हणाले. “शेवटी ग्रुप फोटो आहे ना, तिथे मधोमध ठेवायचा. कोणाच्या लक्षात येऊ द्यायचं नाही.”

मापबाई पाटाकडे बघत राहिली.

“फोटोला नेहमी असतो?”

“नेहमी. पाच वर्षं मीच उचलतोय. बायकांबरोबर फोटो असला की साहेब पाटाशिवाय उभे राहत नाहीत. कंबर गेली माझी.”

“आणि उंच किती?”

“पंधरा सेंटिमीटर. का हो?”

मापबाईने टेप लावून बघितली. पंधराच. तिची मोजपट्टी पाच वर्षे पाटावर उभी होती. पाचही जणी तिच्या हिशेबापेक्षा पंधरा पंधरा सेंटिमीटरने उंच होत्या, आणि म्हणजे पाचही खोकी तेवढीच जास्त उंच होती. आता एकेक बाई वर चढणार आणि प्रतिष्ठा तिच्या पोटाला लागणार. माइकमधून सबंध जगाला त्यांच्या जेवणाचे आवाज ऐकू जाणार. मागे आठ मीटरचा फलक, ‘लहान चण’. आणि फाइल सहा वाजेपर्यंत उघडी.

ती तडक सचिवांच्या खोलीत गेली. सचिव आरशासमोर भाषण म्हणत होते.

“साहेब, खोक्यांच्या मापात एक चूक सापडलीय.”

“मापबाई,” सचिव आरशातूनच म्हणाले, “कार्यक्रम संपेपर्यंत मला एकही अडचण सांगायची नाही. हा आदेश समजा.”

“पण साहेब...”

“आदेश.”

मापबाईने आईच्या सांगण्याप्रमाणे मान हलवली आणि बाहेर आली. पावणेतीनला पाहुण्या हॉलमध्ये येणार होत्या. सुतारकाका खोक्यांपाशी बिडी न पेटवता तोंडात धरून बसले होते.

“काका, पंधरा सेंटिमीटर कापायचेत. पाचही.”

“वीस मिनिटांत? बाई, कापड ठोकलंय, पायऱ्या चिकटवल्यात. एक होईल. पाच नाही व्हायची.”

मापबाईने टेप बाहेर काढली, उगीचच पट्टी आत-बाहेर केली. घाबरली की ती असेच करायची.

“चूक सगळ्यांत सारखीच आहे,” ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. “पाचांत सारखीच. मग पाच गोष्टी कशाला बदलायच्या? एकच बदलू. पोडियम पंधराने वर उचललं तर?”

“त्याला हात लावायचा नाही ना?”

“करवत लावायची नाही म्हणालेत. पाना चालेल. किती बोल्ट आहेत?”

“चार. मीच बसवलेत.” काकांनी बिडी खिशात ठेवली. “पण उचलून ठेवायचं कशावर? असं पंधराचं सपाट, मजबूत काही...”

दोघांचीही नजर एकदमच मखमलीवर गेली.

“हा शेवटी लागणार ना?” मापबाईने स्वीय सहायकांना विचारले. “तोवर मला द्या. फोटोच्या आधी काढून ठेवते.”

“न्या हो. तेवढाच हात मोकळा,” ते म्हणाले आणि चहा शोधायला गेले.

अडीच मिनिटांत बोल्ट निघाले. दहाव्या मिनिटाला पोडियम पाटावर चढले, चारी कोपऱ्यांना पट्ट्या बसल्या, माइकची वायर ओढून घेतली आणि भोवती काळे कापड गुंडाळले. काकांनी खांदा लावून बघितला. पोडियम हलले नाही. प्रतिष्ठा पंधरा सेंटिमीटरने वाढली होती आणि समितीला त्याची गंधवार्ता नव्हती.

तीन वाजता पाचही नेत्या व्यासपीठावर आल्या आणि सभागृहात एक बारीकशी कुजबुज उठली. लोकांच्या डोक्यात बसलेल्या चित्राइतकी एकही बाई लहान नव्हती. सरन्यायाधीश तर शिष्टाचार अधिकाऱ्यांच्या डोक्यावरून पलीकडचे बघत होत्या. त्यांनी मागचा फलक वाचला, मग हातातली बाटली वाचली, आणि ती शांतपणे खुर्चीखाली ठेवून दिली.

स्वागताला सचिव उठले. त्यांच्यासाठी खोके नव्हते. एकशे त्र्याऐंशी सेंटिमीटरच्या माणसाला खोके लागेल, असे समितीत कोणी सुचवले असते तर त्याला बाहेर काढले असते. सचिव रुबाबात पोडियममागे गेले आणि खांद्यांपर्यंत नाहीसे झाले. माइक कपाळासमोर आला. त्यांनी हनुवटी उचलली, टाचा उचलल्या. पहिल्या रांगेतून तर नुसता त्यांचा भांग दिसत होता.

“निसर्गाने...” भांग म्हणाला, “निसर्गाने ज्यांना लहान चण दिली...”

कोणीतरी हसले. मग ते हसू खोकल्यात लपवायला बरेच जण खोकले. कागद बघायला सचिव खाली झुकले की पुरतेच गायब व्हायचे, आणि चवड्यांवर चढले की पुढचे वाक्य आठवायचे नाही.

“लहान असूनही... खचून न जाता...”

आता खोकल्याचाही आव कोणी आणेना. बारा मिनिटांचे भाषण चार मिनिटांत आटोपले. खुर्चीवर बसताना त्यांनी पोडियमकडे असे बघितले, जसे काही नऊ वर्षे राबलेल्या नोकराने उलट उत्तर दिले होते.

दिवे मंद झाले. मापबाईने आणि काकांनी तेहेतीसचे खोके सरकवले. दिवे लागले तेव्हा एका बेटावरच्या देशाच्या पंतप्रधान माइकसमोर नीट, ऐसपैस उभ्या होत्या. पोडियम कमरेच्या वर हवे तिथे, कागद हवे तिथे. त्यांनी हाताने लाकूड चाचपून बघितले.

“तीस वर्षं भाषणं करतेय,” त्या म्हणाल्या. “माझ्या मापाचं पोडियम आज पहिल्यांदाच मिळालं. ज्यांनी कोणी मोजलं असेल, त्यांनी विचार करून मोजलंय.”

टाळ्या पडल्या. पडद्याआड मापबाईने डोळे मिटून घेतले. विचार करून मोजले होते, यात तर शंकाच नव्हती.

पाच भाषणे पाच घड्याळांसारखी झाली. पाचवे संपले आणि मापबाई पाट काढायला पुढे सरकली, तेवढ्यात शिष्टाचार अधिकाऱ्यांनी पडदा न पाडता तिथल्या तिथे ग्रुप फोटो जाहीर केला. कॅमेरे वर झाले. महासंचालक मधोमध येऊन उभे राहिले आणि बुटाच्या टोकाने जमीन चाचपू लागले. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. स्वीय सहायकांनी पडद्याआडून दोन्ही हात पसरून दाखवले. दोन्ही बाजूंच्या बायका टाचांच्या बुटांसकट त्यांच्या बरोबरीने उभ्या होत्या, सरन्यायाधीश तर वर.

“तब्येत बरी आहे ना?” पंतप्रधानांनी काळजीने विचारले. “गेल्या वेळी जरा मोठे वाटला होतात.”

“दगदग फार होते,” महासंचालक म्हणाले.

साडेपाचला सचिवांच्या खोलीत मापबाईला बोलावणे आले. टेबलावर तिची फाइल होती. शेजारी तक्रारीचा कोरा अर्ज. शिष्टाचार अधिकारी टोपण काढलेले पेन घेऊन उभे. भिंतीवरच्या घड्याळात अजून सव्वीस मिनिटे होती.

“पोडियम कोणी वर केलं?” सचिवांनी विचारले.

“मी, साहेब. आधी सांगायला आले होते. अडचण सांगू नका, असा आदेश झाला.”

“तोंड चालवू नका. लिहा हो तुम्ही. ‘पोडियम प्रमाणाबाहेर उंच होते.’”

शिष्टाचार अधिकाऱ्यांनी लिहायला पेन टेकवले आणि थांबले.

“साहेब, पुढचा रकाना आहे, ‘कोणासाठी?’”

“वक्त्यांसाठी.”

“सहा वक्ते होते. पाच जणींना ते बरोबर बसलं. पंतप्रधान तसं माइकवर बोलल्यात, सगळीकडे छापून येणार.” त्यांनी खाकरून घेतले. “म्हणजे एकच नाव उरतं. आणि त्यापुढे त्या व्यक्तीची उंची लिहायची आहे. सेंटिमीटरमध्ये.”

सचिवांनी अर्ज ओढून रकाना वाचला.

“तो रकाना गाळा.”

“गाळला तर तक्रार अपूर्ण धरतात साहेब. तुमचंच परिपत्रक आहे.”

“मग महासंचालकांची तक्रार घ्या. त्यांचा पाट गेला म्हणे.”

“विचारलं त्यांना. कसला पाट, म्हणाले.”

मापबाई जमिनीकडे बघत उभी होती. खरे तर तिला सांगायचे होते, की चूक तिचीही होती. एका माणसाला मोजपट्टी धरताना तो कशावर उभा आहे, हे तिने तपासले नव्हते. पण तिला कोणी विचारले नाही आणि अर्जात तसा रकानाही नव्हता.

सचिवांनी पेन स्वतःच्या हातात घेतले. ‘पोडियम मला’ एवढे लिहिले. खोडले. ‘पोडियम काहींना’ लिहिले. तेही खोडले. नवा अर्ज मागवला. घड्याळाचा काटा सहावर गेला, तेव्हा तिसऱ्या अर्जावर नुसती तारीख होती. त्यांनी तो चुरगाळून टोपलीत टाकला, फाइलवर ‘निरंक’ असा शेरा मारला आणि सही केली.

“जा आता,” ते म्हणाले. “आणि त्या सुताराला एक निरोप सांगा.”

बाहेर जिन्याशी सुतारकाका हत्यारांची पेटी घेऊन थांबले होते. तिच्या चेहऱ्यावरून त्यांना काही अंदाज येईना.

“काय गं?”

“कायम झाले.”

“आणि पोडियमचं काय?”

“उद्या सकाळी कापायचंय. साहेब म्हणाले, वक्त्यांना त्रास होता कामा नये.”

“अर्ध्या दिवसाचं काम,” काका पेटी दुसऱ्या हातात घेत म्हणाले. “तीन महिन्यांपूर्वी मी हेच सांगत होतो ना?”

“तेव्हा साहेबांना त्रास नव्हता, काका.”